चिंधीदेवाचा उतार

वैष्णवी : बाबा, आरपीएमचा काटा खाली चालला! अठराशे... सतराशे... आता काय करू?

इंद्रभान : काट्याकडे पाहू नको, रस्त्याकडे पाह्य. काट्याचं काम कानाले दे. इंजनचा आवाज कसा येऊन राह्यला?

वैष्णवी : घुर्र घुर्र. आत्या झोपेत घोरते तसा.

सोजरबाई : मी नाही घोरत. तुही माय घोरते.

इंद्रभान : बाई, थांब जराशी. पोरी, ते घुरघुर म्हंजे इंजनचा दम तुटून राह्यला. तीन नंबर त्याले जड जाते. वळणाचा मोड यायच्या आंधी दोन नंबर घे. मोडात गेल्यावर नाही, आंधी. क्लच पुरा दाब, अर्धा नाही. अर्धा दाबशीन तं जळन. घे... सोड.

वैष्णवी : घेतला. बाप्पा, केवढा झटका बसला!

इंद्रभान : झटका हडंब्याचा हाये. मांगं वीस क्विंटलचं मशीन बांधलं तुह्या. तू त्याले वढशीन तं तेही तुले वढनच. काटा सांग आता.

वैष्णवी : दोन हजार. एकवीसशे.

इंद्रभान : हां, तिथंच राहू दे. डिझेल गाडीची ताकद तिथंच असते. पंधराशेच्या वर, पंचवीसशेच्या खाली. त्याच्या खाली गेली का मरगळते, वर गेली का नुसती बोंबलते, वढत काही नाही.

सोजरबाई : आपल्या सरपंचासारखं.

वैष्णवी : पण वेग तं पाहा. वीस! मांगून एखादा सायकलवाला आपल्याले वलांडून जाईन.

इंद्रभान : जाऊ दे. त्याच्या मांगं हडंबा नाही.

सोजरबाई : सायकलवाल्याचं नको सांगू मले. हे तूर काढायचं मशीन दोन वाजेलोक सावरखेडले पोचलं पायजे. दोन एकराची तूर सुडी घालून वावरात पडली हाये माही, वर नुसती ताडपत्री, अन् आभाळ पाह्य कसं भरून आलं. माघात असं आभाळ कधी पाह्यलं नव्हतं बाप्पा.

वैष्णवी : पोचते आत्या. तिथं सतीशदादाचा ट्रॅक्टर तयार हाये ना हडंबा फिरवायले? मंग झालं. आपल्या ट्रॅक्टरले क्लच प्लेट जाळायले आजचाच दिवस भेटला. पवनदादा ती आणायले वाशीमले गेला, अन् हडंबा वढायले उरलं कोण? मी अन् ही पिकअप. हिनं आजवर कोबी-कांदे सोडून काही वाह्यलं नाही.

इंद्रभान : पिकअपमंधी दम हाये. चालवणाऱ्यात पायजे.

वैष्णवी : चालवणारीले लायसन भेटून चार महिने झाले, बाबा. मेडशीच्या बाजारालोक नेली असन गाडी, तेही रिकामी. हायवेनं गेलो असतो तं काय बिघडलं असतं?

इंद्रभान : तिकून चाळीस किलोमीटरचा फेरा. घाटानं बारा.

वैष्णवी : बारा! पण कशे बारा. मले एक सांगा, तुमी पंधरा वर्सं ट्रक चालवला. आज तं तुमी धरायचं होतं स्टेअरिंग. कायले नाही धरलं?

इंद्रभान : पुढं पाह्य.

वैष्णवी : पुढंच पाहून राह्यली. विचारलं फक्त.

सोजरबाई : नको विचारू व. ज्या रोजी तुहे धनराजमामा याच घाटात गेले, त्या रोजापासून त्यानं स्टेअरिंगले हात लावला नाही. म्हाईत हाये ना तुले? मंग कायले खपली काढते?

वैष्णवी : म्हाईत हाये. ट्रकचे ब्रेक फेल झाले, ट्रक डोंगरावर आपटला, मामा गेले, बाबा वाचले. चार वर्साची होती मी तवापासून ऐकून राह्यली. पण आत्या, एकोणीस वर्सं झाले. मले अन् पवनदादाले यायनं शेजारी बसून तोंडानंच गाडी शिकवली, रेडिओवाल्यासारखी. एक डाव स्वतः चालवून दाखवली नाही.

सोजरबाई : माहा नवरा होता तो, त्याचा दाजी होता. दोघं एका ताटात जेवत. असं काळीज तुले नाही समजाचं.

इंद्रभान : मोड आला. काटा?

वैष्णवी : एकवीसशे.

इंद्रभान : मोडात ब्रेक नाही, गिअर नाही, रेस वाढवाची नाही. जशी हाये तशीच नेजो. मोठा वळसा घे, मांगचं मशीन आतून कापते... अजून बाहीरून... हां. आता सरळ कर. शाबास.

वैष्णवी : हात वले झाले माहे.

इंद्रभान : होऊ दे. हात वले असले का माणूस हुशार राह्यते.

वैष्णवी : बाबा, हडंब्याले ब्रेक नाहीत ना हो?

इंद्रभान : नाहीत. त्याले नुसते चाकं हायेत. ब्रेक मारले तं तुह्या गाडीचेच, दोघायसाठी.

सोजरबाई : तो पाह्य हिवर दिसला. चिंधीदेव आला. थांबव बाई गाडी.

इंद्रभान : बाई, आज नको. आभाळ पाह्य. एक डाव खाली सपाटीले लागू दे.

सोजरबाई : आभाळ पाहूनच तं म्हणून राह्यली. देवाले टाळून उतरायचं काय या घाटात? आपल्या घरच्या माणसानं?

इंद्रभान : मांगं एवढं वजन हाये, अन् उतारावर उभी करणं म्हंजे...

सोजरबाई : देव उतारावर नाही, माथ्यावर हाये. तुह्या मनात कोणत्याच वर्सी नसते. कधी तुहे पाय दुखते, कधी उशीर होते. त्या झाडाकडे पाठ करूनच बसते तू.

वैष्णवी : थांबवते मी. मलेही पाणी प्यायचं हाये. हॅन्डब्रेक वढला. बंद करून गिअरात ठेवू?

इंद्रभान : पयल्यात ठेव. अन् मी चाकाले गोटे लावेलोक पाय ब्रेकवरून काढू नको.

(घाटमाथ्यावरचं ते हिवराचं झाड पानांपेक्षा चिंध्यांनीच जास्त भरलेलं. येणारा-जाणारा एक चिंधी बांधतो आणि म्हणतो, देवा, वर आणलंस तसं खाली ने. झाडाखाली शेंदूर लावलेला एक दगड, त्याच्यापुढे नारळाच्या करवंट्या, बाकी काही नाही. इंद्रभाननी हडंब्याच्या चाकांना दगड लावले, ते केव्हाच लावून झाले, तरी ते तिथेच उकिडवे बसून राहिले. त्या चाकात एवढं काय बघण्यासारखं होतं, ते वैष्णवीला काही कळेना.)

सोजरबाई : धर हा पदर. इथून फाड. दात लाव.

वैष्णवी : आत्या, नवंकोरं लुगडं हाये हे! घरून एखादी जुनी चिंधी आणली असती.

सोजरबाई : जुनी नाही चालत मले. आंगावरचीच पायजे, अन् नव्याची. फाड.

वैष्णवी : दरसाल असंच करते तू. काहून करते, ते कधी सांगत नाही.

सोजरबाई : काय सांगू. तुहे मामा त्या सकाळी चहा पेऊन उठले अन् म्हणाले, सोजर, एखादी चिंधी दे व, घाटात देवाले बांधाची हाये. मी रागात होती. दिवाळी होऊन गेली अन् लुगडं नव्हतं आणलं त्यायनं. मी म्हटलं, तुमच्या देवाले चिंधी लागते, अन् माह्या आंगाले काही लागत नाही? जा तशेच.

वैष्णवी : मंग?

सोजरबाई : मंग काय. हासले. अन् गेले तशेच.

वैष्णवी : आत्या...

सोजरबाई : बिनचिंधीचे गेले बाई. एवढीशी चिंधी. बोटभर. घरात काय चिंधी नव्हती? गोधडीले लावायले दोन गाठोडे भरून होत्या. पण तोंडातून तेच निंघालं. अन् देवानं ब्रेक काढून घेतले.

वैष्णवी : असं नसते आत्या. ब्रेक फेल होणं मशीनची गोष्ट हाये. त्यात देव कुठून आला अन् तू कुठून आली?

सोजरबाई : तुले मशीनचं कळते, मले माहं कळते. ज्याचं जळते त्याले कळते. दरसाल तूर काढायच्या वक्ती येते, एक बांधते. हे एकोणिसावी. जरा वर बांध, माहा हात पुरत नाही.

वैष्णवी : हळू बोल. बाबा ऐकतीन.

सोजरबाई : ऐकू दे. त्याले सारं म्हाईत हाये. तेरवीच्या रोजी त्यालेच सांगतलं होतं मी पयले. माह्यापेक्षा जास्ती रडला होता तो.

इंद्रभान : झालं का तुमचं? चाला. बसा जल्दी. थेंब येतीन आता.

वैष्णवी : गोटे काढले?

इंद्रभान : काढले. चाल. इथून निंघ पयले.

वैष्णवी : पयला... दुसरा... आता कसं बरं वाटते. मांगं काही हाये असं वाटतच नाही. तिसरा टाकते, बाबा.

सोजरबाई : हां, आता कशी वाऱ्यासारखी चालली. दोन वाजेलोक पोचतो बरं आपण.

वैष्णवी : बाबा, बोला ना काही. चढताना तोंडाले थारा नव्हता तुमच्या.

सोजरबाई : राहू दे त्याले. खाली आंब्याचं झाड हाये पाह्य, त्या मोडावर... तिथून जाताना तो कधीच बोलत नाही. डोये मिटून घेते.

वैष्णवी : ब्रेकवर पाय हाये माहा, तरी चाळीस झाली. बाबा? आता बेचाळीस. काटा अठ्ठावीसशे.

इंद्रभान : अं?

वैष्णवी : अठ्ठावीसशे म्हटलं! बाबा, ऐकून राह्यले का?

इंद्रभान : कितव्यात हाये गाडी?

वैष्णवी : तिसऱ्यात.

इंद्रभान : तीन नंबर कोणी टाकायले लावला तुले!

वैष्णवी : मी म्हटलं ना, टाकते म्हणून! तुमी काही बोलले नाही!

इंद्रभान : ज्या गिअरात चढली त्याच गिअरात उतरायचं असते... सांगतलं नाही मी. माथ्यावरच सांगायचं होतं. त्या झाडापाशी माहं डोकंच... ब्रेकवरून पाय काढ. कवापासून दाबून बसली?

वैष्णवी : वरपासून.

सोजरबाई : कायचा वास हाये हा? टायर जळल्यावानी.

इंद्रभान : ब्रेक तापले. वैष्णवी, पाय काढ. तसा ठेवून बसशीन तं कामाच्या वक्ती काहीच उरायचं नाही.

वैष्णवी : काढला तं पळते ना! पंचेचाळीस... अठ्ठेचाळीस... बाबा, मांगून कोणीतरी ढकलून राह्यलं! हडंबा ढकलून राह्यला!

इंद्रभान : ढकलनच. स्टेअरिंग सरळ धर.

वैष्णवी : इंजन पाहा कसं बोंबलून राह्यलं! पस्तीसशे! फाटन बाबा ते! गिअर काढते मी, न्यूट्रल करते...

इंद्रभान : नाही!

वैष्णवी : पवनदादा उतारावर नेहमी काढते! डिझेल वाचते म्हणते!

इंद्रभान : हात काढ! त्या दांड्यावरून हात काढ! बोंबलू दे इंजनले. बोंबलून राह्यलं म्हंजे गाडीले धरून राह्यलं हाये ते. ज्या घडी ते चुप होईन, त्या घडी आपून मेलो!

वैष्णवी : तुमाले काय म्हाईत! तुमचे तं ब्रेक फेल झाले होते!

इंद्रभान : नव्हते झाले फेल!

सोजरबाई : काय?

इंद्रभान : ब्रेक चांगले होते! मी न्यूट्रल केली होती! इथंच, याच उतारावर! आदतच होती माही. माथ्यावर गिअर काढायचा, खालोक डिझेल वाचवाचं. इंजन चुप झालं, गाडी लोण्यावानी चालली. मंग भरलेला ट्रक पळाला. ब्रेक दाबून दाबून तापले अन् गेले. गिअर घ्यायले गेलो तं घेईना. नुसता कर्र कर्र वाजला. चार डाव टाकला, चारी डाव बाहीर फेकला त्यानं. आयकलं? आता काढते का? काढते का गिअर?

वैष्णवी : नाही. नाही काढत. नाही काढत, बाबा. पन्नास झाली. मले लय भेव लागून राह्यलं.

इंद्रभान : मलेही लागून राह्यलं. हे पाह्य, माह्या तोंडाले थुंका नाही. पण आयक. इथून आंब्यालोक रस्ता सरळ हाये. आंब्याच्या आंधी दोन नंबरात आणायची. मोडात नाही जमत. एकच डाव भेटन.

वैष्णवी : अन् नाही घेतला तं? तुमचा नाही घेतला!

इंद्रभान : माही ऐंशीनं पळत होती. तू पयले कमी करशीन. मी म्हटलं का ब्रेक मार, कच्चून मार, थोडा थोडा नाही. पस्तीसलोक आण. बाई, समोरचं धरून बस.

सोजरबाई : धरलं हाये.

इंद्रभान : मार ब्रेक!

वैष्णवी : पंचेचाळीस... पेडल खाली चाललं, बाबा... बेचाळीस... चाळीस...

इंद्रभान : अजून. पाय सोडू नको. हडंबा डोलून राह्यला, स्टेअरिंग हालवू नको. त्याले डोलू दे, तू सरळ राह्य.

वैष्णवी : अडतीस... आंबा आला! आंबा आला, बाबा!

इंद्रभान : क्लच! दोन नंबर! टाक!

वैष्णवी : नाही जाऊन राह्यला! वाजून राह्यला!

सोजरबाई : माय व माय...

इंद्रभान : रेस दे! रेस मारून टाक! जोरात नाही, दाबून धर दांडा, जाईन तो... रेस!

वैष्णवी : गेला! गेला आतमंधी!

इंद्रभान : क्लच सोड! ब्रेक सोड! वळव! बाहीरून घे, बाहीरून... डोंगराकडे जाऊ देऊ नको!

वैष्णवी : काटा चार हजार!

इंद्रभान : राहू दे! बोंबल मायबाई, बोंबल. बोंबल अजून.

वैष्णवी : एकोणचाळीसशे... सदतीस... बत्तीसशे. बाबा, कमी होऊन राह्यली. तीसनं चालली. सत्तावीस.

इंद्रभान : हां.

वैष्णवी : हडंबा हाये ना मांगं?

इंद्रभान : हाये. आरशात पाह्य, हाये. आता काटा तीन हजारावर गेला का एक डाव कच्चून ब्रेक मारायचा अन् सोडून द्यायचा. मारायचा, सोडायचा. पाय ठेवून बसायचं नाही. बाकी इंजन पाहून घेईन.

वैष्णवी : हाच मोड होता का तो?

इंद्रभान : हाच.

वैष्णवी : आत्या? आत्या, तू बरी हाये ना? बोल ना व.

इंद्रभान : तिले राहू दे. तू रस्ता पाह्य. अजून दोन मोड हायेत.

वैष्णवी : आत्या फाटलेला पदर मुठीत धरून बसली, बाबा.

इंद्रभान : दिसून राह्यलं मले. मार ब्रेक... सोड. हां. असंच. वळसा मोठा घे.

वैष्णवी : तो पूल दिसला. सपाट आलं. आलं ना सपाट?

इंद्रभान : आलं. पुलाच्या अलीकडे कडेले घे. उभी कर. इंजन लगेच बंद करू नको, लय तापलं, दोन मिनिटं असंच चालू दे.

वैष्णवी : चाकातून धूर निंघून राह्यला. नाल्यातून पाणी आणून टाकू?

इंद्रभान : नको. पाणी टाकलं का ब्रेकचा ड्रम तडकते. हवेनंच थंडं होऊ दे.

वैष्णवी : मले वाटलं गेलो आपण. खरं वाटलं, बाबा. मायचं तोंड दिसलं मले.

इंद्रभान : रड. रडून घे. चांगली चालवली तू. माह्यापेक्षा चांगली.

वैष्णवी : तुमी कायले बोलले नाही इतके वर्सं?

इंद्रभान : बाई. बाई, काही बोल. शिव्या दे. चप्पल काढ.

सोजरबाई : कोणत्या बाजूनं आपटला होता ट्रक?

इंद्रभान : जाऊ दे ना आता ते.

सोजरबाई : कोणत्या बाजूनं, इंद्रभान?

इंद्रभान : दाजीच्या. डाव्या. उजवीकडे दरी होती. मले तवा दोनच गोष्टी दिसल्या, दरी अन् डोंगर. म्हटलं डोंगर पकडतो, डोंगर थांबवन. त्या अंगाले दाजी बसले हायेत, हे आपटल्यावर ध्यानात आलं माह्या.

सोजरबाई : काही बोलले होते का ते?

इंद्रभान : मी गिअर काढला तवा बोलले होते. म्हणाले, इंद्रभान, गिअरात राहू दे, मले भेव लागते. मी हासलो. म्हटलं दाजी, हे तं रोजचंच हाये.

सोजरबाई : चिंधीचं काही म्हटलं? मी देल्ली नाही म्हणून?

इंद्रभान : बाई...

सोजरबाई : खरं सांग. आता तरी खरं सांग.

इंद्रभान : चिंधी बांधली होती त्यायनं.

वैष्णवी : काय?

इंद्रभान : गाडी थांबवाले लावली माथ्यावर. आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्याची किनार फाडली अन् बांधली. हासत होते. म्हणे, सोजर आज रागात हाये, सोमवारच्या बाजारातून लुगडं घेऊन जाऊ तिले, हिरवं. तू पसंत कर, मले कळत नाही.

सोजरबाई : बांधली होती.

इंद्रभान : बांधली होती. माह्या डोयानं पाह्यली.

सोजरबाई : अन् तेरवीच्या रोजी मी तुह्यापुढं छाती बडवून सांगतलं, माह्यानं गेले म्हणून. तवा तू काहून नाही बोलला?

इंद्रभान : बांधली होती म्हटलं असतं, तं तू विचारलं असतं, मंग काहून झालं? मले सांगा लागलं असतं. म्हटलं उद्या सांगू. उद्याचे एकोणीस वर्सं झाले. तू दरसाल पदर फाडे, अन् मी चाकाचे गोटे मोजत बसो.

सोजरबाई : तुह्याच घरात राह्यली मी. तुह्याच हातचं खाल्लं. भाऊ असावा तं असा, म्हणून गावभर सांगत फिरली.

इंद्रभान : म्हाईत हाये मले.

सोजरबाई : हिरवं म्हणाले होते?

इंद्रभान : हिरवं.

वैष्णवी : आत्या, रडू नको ना व. नाहीतं रड. बाबा, सतीशदादाचा फोन येऊन राह्यला. काय सांगू?

सोजरबाई : सांग, येऊन राह्यलो म्हणा. दहा मिनिटात. सुडीवरची ताडपत्री काढून ठेव म्हणा, अन् माणसं बसवून नको ठेवू. तूर काही आपल्यासाठी थांबाची नाही.

वैष्णवी : सांगते. अन् वापस येताना हायवेनं येऊ बरं. चाळीस किलोमीटर तं चाळीस. मी या घाटात आता पाय नाही टाकत.

सोजरबाई : याच घाटानं यायचं.

वैष्णवी : आत्या!

सोजरबाई : चिंधीदेवापाशी थांबायचं हाये मले. माह्या चिंध्या सोडायच्या हायेत. सगळ्या. सडल्या असतीन तं गाठी तरी असतीन. त्यायनं आपली स्वतः बांधली होती, मंग माह्या कायले पायजे तिथं?

वैष्णवी : मी नाही चालवत, आत्या. खरंच नाही होत माह्यानं.

सोजरबाई : तुले कोण म्हणते? इंद्रभान चालवन. मी आता बसली तिथंच बसन, डाव्या अंगाले.

इंद्रभान : बाई, मले नाही जमाचं. हे पाह्य, आताच हात कसे कापून राह्यले.

सोजरबाई : कापू दे. दोन नंबरात चालव.